लेकीचं सामान मूव्ह-इनच्या आधीच डॉर्मवर पाठवावं का? (सिअ‍ॅटल ते शॅम्पेन, इलिनॉय)

बॉथेलची_आई

नमस्कार मंडळी, आमची मोठी लेक या ऑगस्टमध्ये युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉयला जातेय, अर्बाना-शॅम्पेनला, फ्रेशमन म्हणजे पहिल्याच वर्षाला. घरातून पहिल्यांदाच कुणीतरी इतकं लांब चाललंय त्यामुळे मला काही सुचत नाहीये. आम्ही सिअ‍ॅटलजवळ राहतो म्हणजे गाडीत सामान घालून जायचा प्रश्नच नाही, २००० मैलांच्या वर आहे. मूव्ह-इनला, म्हणजे डॉर्मच्या खोलीत राहायला जायच्या दिवशी, मी आणि नवरा दोघं तिला सोडायला जाणार, धाकटा पण बरोबर, शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उतरून भाड्याची गाडी करायची असं ठरलंय.

आता प्रश्न सामानाचा. हॉलमध्ये सगळा ढीग घातलाय, पांघरुणं, थंडीचे कपडे, बूट, पुस्तकं, टेबललॅम्प, भांडी, आणि रोज त्यात काहीतरी वाढतंच आहे. नवरा म्हणतो पाच-सहा बॉक्स करून आठवडाभर आधी थेट डॉर्मच्या (कॉलेजच्या हॉस्टेलच्या) पत्त्यावर पाठवून देऊ, आपण मोकळ्या हाताने जाऊ. मला भीती वाटते की बॉक्स आधी पोचले आणि कुणी घेतलेच नाहीत तर? किंवा उशिरा पोचले आणि लेक पहिल्या रात्री उशीशिवाय झोपली तर? तुमच्यापैकी कुणी असं सामान पाठवलंय का, काय पाठवलं आणि काय बरोबर नेलं, प्लीज सविस्तर सांगा. बरोबर आजीने शिवलेली एक गोधडी पण आहे, ती तिला न्यायचीच आहे.

नेपरव्हिलकर

ताई, आधी अभिनंदन. माझी दोन्ही मुलं शॅम्पेनलाच शिकली त्यामुळे जरा लांब लिहितो.

पहिली गोष्ट, हाउसिंगकडून, म्हणजे कॉलेजच्या डॉर्म बघणाऱ्या ऑफिसकडून, जी ईमेल येते ना त्यात पार्सल कुठल्या तारखेपासून घेणार आणि पत्ता नेमका कसा लिहायचा ते दिलेलं असतं, ते लेकीला उघडायला लावा, कारण ती ईमेल तिच्या कॉलेजच्या अकाउंटवर येते आणि मुलं ती बघतच नाहीत. त्या तारखेच्या आधी आलेला बॉक्स बऱ्याच कॉलेजांत परत पाठवतात. आणि तारखेनंतर आलेला सुद्धा लगेच हातात मिळेल असं नाही, डॉर्मच्या मेलरूममध्ये मूव्ह-इनच्या दिवसांत हजारो बॉक्स येऊन पडतात, आधी त्यांची नोंद होते, मग मुलीला ईमेल जाते, मग आयडी कार्ड दाखवून रांगेत उभं राहायचं. म्हणजे चेक-इन होऊन कार्ड हातात येईपर्यंत बॉक्स तुमच्यापासून वीस फुटांवर असला तरी मिळत नाही. थोरल्याच्या वेळी आम्ही गादीवरची चादर आणि उशी बॉक्समध्ये घातली होती, बॉक्स पोचला होता पण तिसऱ्या दिवशी मिळाला, पोरगा दोन रात्री जॅकेटची उशी करून झोपला. मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं, आईवडील बरोबर असताना असं व्हायला नको होतं.

म्हणून धाकटीच्या वेळी मी एकच नियम केला, पहिल्या तीन दिवसांत जे लागणार ते आपल्या अंगावर, म्हणजे विमानाच्या बॅगेत. बाकीचं मागून आलं तरी चालतं. आधी पाठवण्यापेक्षा मागून पाठवणं खूप सोपं पडतं, तोपर्यंत तिचं कार्ड झालेलं असतं, गर्दी ओसरलेली असते, तिला स्वतःला कळलेलं असतं की खोलीत जागा किती आहे. थंडीचे जाड कोट, बर्फाचे बूट हे ऑगस्टमध्ये कशाला न्यायचे? तेव्हा तिथे घाम फुटेल इतकी उष्ण आणि दमट हवा असते. ऑक्टोबरात एक बॉक्स करून पाठवा.

आणि विमानाच्या बॅगेचा हिशोब करून बघा, तुम्ही चौघं म्हणजे ५० पौंडाच्या चार बॅगा तर सहज होतात, दुसरी बॅग घेतली तर आठ. बॅगेला पैसे पडतात हे खरं, साउथवेस्ट एअरलाइन्सनेसुद्धा २८ मे २०२५ पासूनच्या बुकिंगला दोन बॅगा फुकट देणं बंद केलं, पण मी तेव्हा दोन्ही भाव काढले होते आणि पहिली बॅग बॉक्सपेक्षा स्वस्तच पडत होती, शिवाय आपल्याबरोबर त्याच दिवशी पोचते.

जर्सीकर_मावशी

नावाचं सांभाळा बरं का!! आमच्या भाचीच्या बॉक्सवर तिच्या बाबांनी घरातलं नाव लिहिलं, सगळे तिला त्याच नावाने हाक मारतात म्हणून. कॉलेजच्या यादीत पासपोर्टवरचं नाव. मेलरूमला ती मुलगी सापडेचना, दहा दिवस बॉक्स "अनोळखी" म्हणून कोपऱ्यात पडून. हाउसिंगच्या पोर्टलवर जे नाव दिसतं तेच अक्षरन् अक्षर लिहायचं, खोलीचा नंबर, हॉलचं (डॉर्मच्या इमारतीचं) नाव सगळं. आणि बॉक्सच्या आत वरच एका कागदावर तेच सगळं परत लिहून ठेवा, बाहेरचं लेबल फाटलं तर कामाला येतं.

सनीव्हेल_बाबा

मी थोडा वेगळा अनुभव सांगतो कारण आम्ही जवळजवळ सगळं आधी पाठवलं होतं आणि नीट पोचलं. मुलगा बॉस्टनला आहे. तिथे १ सप्टेंबरला अर्ध्या शहराची भाडेकरारं बदलतात, रस्तोरस्ती ट्रक उभे, भाड्याचे उंच ट्रक घेऊन लोक स्टोरो ड्राइव्ह नावाच्या रस्त्यावर शिरतात आणि ठेंगण्या पुलांखाली अडकतात, त्या गर्दीत आठ बॅगा घेऊन फिरायची माझ्यात ताकद नव्हती, पाठीचं ऑपरेशन झालेलं होतं. तेव्हा ज्यांना उचलणं जमत नाही त्यांनी पाठवावंच, त्यात काही चूक नाही. फक्त नीट समजून पाठवा.

सगळ्यात आधी वजन आणि आकाराचा खेळ समजून घ्या. कुरियरवाले फक्त वजन बघत नाहीत, बॉक्सने गाडीत किती जागा खाल्ली तेही बघतात. फेडेक्समध्ये लांबी, रुंदी, उंची इंचात मोजून गुणायची आणि १३९ ने भागायचं, जो आकडा येईल तो आणि खरं वजन यातला जास्त असेल त्याचे पैसे. म्हणजे कम्फर्टर (जाड रजई) आणि दोन उशा घातलेला २४ बाय १८ बाय १८ चा बॉक्स हातात घेतला तर आठ पौंड, पण बिल होतं ५६ पौंडाचं. मला हे दुकानात उभं राहिल्यावर कळलं. म्हणून फुगीर वस्तू पाठवूच नका, तिथे घ्या, किंवा हवा काढायच्या पिशवीत घालून बॅगेत कोंबा. बॉक्समध्ये घालायचं ते लहान आणि जड.

पुस्तकं असतील तर पोस्टाचं मीडिया मेल सगळ्यात स्वस्त, ७० पौंडापर्यंत जातं, पण त्यात पुस्तकंच हवीत, कोऱ्या वह्या नाही, कपडे तर मुळीच नाही. पोस्टाला ते उघडून बघायचा हक्क असतो आणि आत टीशर्ट निघाला तर पूर्ण दर लावतात. आणि हळू जातं, हाताशी दोन आठवडे ठेवा. बाकी सामानासाठी पोस्टाचं ग्राउंड अ‍ॅडव्हान्टेज आहे, २०२३ च्या जुलैत सुरू झालंय, त्यात १०० डॉलरचा विमा आतच येतो. यूपीएस आणि फेडेक्स ग्राउंड १५० पौंडापर्यंत घेतात पण तुम्ही ४० च्या वर जाऊ नका हो, तो बॉक्स शेवटी तुमची लेक एकटी मेलरूमपासून खोलीपर्यंत नेणार आहे, बरोबर कुणी नसेल.

आम्ही प्रत्येक बॉक्सचा आतला फोटो काढला, नंबर टाकले, एका कागदावर कुठल्या नंबरात काय ते लिहिलं. एक बॉक्स कुरियरच्या हातून फुटला, लॅम्पचे तुकडे झाले, फोटो होता म्हणून पैसे परत मिळाले.

बॉथेलची_आई

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, नवऱ्याला पूर्ण वाचून दाखवलं. ५६ पौंडाचं ऐकून तो उठून टेप घेऊन मोजायलाच लागला, आमचा पांघरुणांचा बॉक्स तर याहून मोठा आहे.

अजून दोन शंका. गोधडी बॉक्समध्ये घालायची की नाही? सासूबाईंनी सांगलीला असताना जुन्या नऊवारींची शिवलेली आहे, त्या आता नाहीत. आणि खाण्याचं काय पाठवू, मेतकूट, चटण्या, गोडा मसाला, भडंग तिला हवंय, छोटा कुकर पण न्यायचाय म्हणते.

नेपरव्हिलकर

गोधडी हातात. बॉक्समध्ये नाही, चेक-इनच्या बॅगेतही नाही. हातातल्या बॅगेत दुसरं काही कमी करा पण ती हातातच. विम्याचे १०० डॉलर घेऊन त्या नऊवारी परत मिळणार नाहीत.

थर्ड_फ्लोअर_वेस्ट

नमस्कार काकू, मी स्वतः डॉर्ममध्ये दोन वर्षं काढलीयेत (मिडवेस्टमध्येच, दुसरं कॉलेज), मराठी टाईप करायची सवय गेलीये त्यामुळे चुका असतील तर समजून घ्या.

कुकर नका देऊ. प्रेशर कुकर, राइस कुकर, इंडक्शन, हॉट प्लेट हे बहुतेक डॉर्ममध्ये चालत नाही, खोल्या तपासायला येतात तेव्हा घेऊन जातात. कुठली उपकरणं चालतात त्याची यादी हाउसिंगच्या साइटवर असते, ती एकदा बघाच. साधी एक्स्टेन्शन वायर पण नाही, सर्ज प्रोटेक्टरवाली पट्टीच घ्या. आणि उदबत्ती, निरांजन, मेणबत्ती काही पेटवता येत नाही, धुराचा अलार्म वाजला तर पूर्ण हॉल खाली उतरतो रात्री दोन वाजता आणि सगळे तुमच्या नावाने ओरडतात. यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत म्हणजे ती तिथेच असणार, बॅटरीवरचा दिवा द्या, मी तोच लावायचे आणि आईला व्हिडिओवर घेऊन आरती करायचे, चांगलं वाटायचं खरंच.

कोरडं खाणं भरपूर द्या पण घट्ट झाकणाच्या डब्यात. मसाल्याचा वास कपड्यांना लागतो, माझा गोडा मसाला बॅगेत सांडला होता आणि पहिला आठवडा माझे सगळे टीशर्ट आमटीसारखे वास मारत होते, रूममेट छान होती म्हणून काही बोलली नाही पण मला खूप अवघड झालं होतं. मेतकूट आणि तूप सगळ्यात जास्त उपयोगाला आलं, डायनिंग हॉलचा पांढरा भात वाटीत घ्यायचा आणि त्यावर घालायचं. कुकरची गरज नाही पडली.

पलंगाचं माहीतच असेल, ट्विन एक्सएल असतो, ३८ बाय ८० इंच, घरातली साधी ट्विनची चादर पाच इंच तोकडी पडते आणि रात्री निघून येते. चादरी तेवढ्या नव्या घ्या.

आणि काकू प्लीज रूममेटशी आधी बोलायला सांगा तिला. आमच्या खोलीत दोन फ्रीज, दोन मायक्रोवेव्ह आले होते, दोन्हीकडच्या आईवडिलांनी आधीच ऑर्डर करून ठेवले होते. एक परत पाठवायला माझा पहिला शनिवार गेला.

सनीव्हेल_बाबा

हो, फ्रीज आणि चादरींवरून आठवलं. पूर्वी बेड बाथ अँड बियॉन्डमध्ये छान सोय होती, आपल्या गावातल्या दुकानात वस्तू निवडायच्या आणि कॉलेजजवळच्या दुकानातून उचलायच्या. जुन्या चर्चांमध्ये अजून लोक तेच सुचवतात पण ती दुकानं २०२३ मध्ये बंद झाली. आता तेच काम टार्गेट दुकानाच्या अ‍ॅपवर होतं, ऑर्डर करताना दुकान बदलून शॅम्पेनचं निवडायचं आणि पिकअप टाकायचं. फक्त फार आधी टाकू नका, ते थोडेच दिवस राखून ठेवतात. जायच्या दोन दिवस आधी टाका, म्हणजे त्या आठवड्यात जे आधी संपतं, पंखे, ट्विन एक्सएलच्या चादरी, शॉवर कॅडी, हे तुमच्या नावाने बाजूला पडलेलं असतं.

नेपरव्हिलकर

शॅम्पेनला मोठं टार्गेट आहे आणि कॅम्पसटाऊनमध्ये चालत जाता येईल असं छोटं पण आहे. छोट्यातली रांग त्या दिवशी विचारू नका, मोठ्यातून घ्या, तुमच्याकडे गाडी आहेच.

कोथरूडकर

आमचा मुलगा गेल्या वर्षी पुण्याहून थेट अंडरग्रॅडला गेला, म्हणून भारतातून पाठवणाऱ्यांसाठी इथेच लिहून ठेवतो, बऱ्याच जणांना तोच प्रश्न असतो.

आम्हीही ठरवलं होतं की तो दोन बॅगा घेऊन जाईल आणि पुस्तकं, भांडी, फराळ मागून पोस्टाने पाठवू. तो गेला ऑगस्टच्या मध्यावर आणि २५ ऑगस्ट २०२५ पासून टपाल खात्याने अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणंच थांबवलं, कारण अमेरिकेने २९ ऑगस्टपासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली करमाफी काढून टाकली आणि तो कर कुणी कसा गोळा करायचा हे विमान कंपन्यांनाही कळत नव्हतं. १५ ऑक्टोबरला सेवा परत सुरू झाली पण तोपर्यंत आमचे दोन बॉक्स दिवाणखान्यातच, त्याची आई रोज त्यांच्याकडे बघून उसासे टाकायची. आता पाठवता येतं, मात्र कर धरून हिशोब करा, चार स्टीलच्या डब्यांसाठी ते परवडत नाही. पोरगा तिथे जाऊन डबे विकत घेऊन आला.

भारतातून जाणाऱ्यांनी आधी पाठवायच्या फंदात पडूच नये असं माझं मत. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर कोर्स सुरू व्हायच्या ३० दिवस आधीपर्यंतच शिरता येतं, म्हणजे ते बॉक्स घ्यायला तिथे कुणीच नसतं. आणि कढीपत्ता, ताजा किंवा वाळवलेला, बॅगेत घालू नका, शेतीखात्याचे लोक काढून घेतात. आमच्या हिने फोडणीच्या मिरच्यांच्या पिशवीत घातला होता, विमानतळावर पोराला बाजूला घेतलं, पहिल्यांदाच परदेशात पाऊल ठेवलेला मुलगा पार घाबरून गेला होता.

जर्सीकर_मावशी

कागदपत्रांचं कुणीच बोललं नाही. लेकीला कॅम्पसवर नोकरी करायची असेल, लायब्ररीत, डायनिंगमध्ये, तर आय-९ फॉर्मसाठी, म्हणजे इथे काम करायची परवानगी आहे हे दाखवायच्या फॉर्मसाठी, मूळ कागद दाखवावे लागतात, झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो चालत नाही. अमेरिकन पासपोर्ट असेल तर तो एकटा पुरतो, नाहीतर लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड. काम सुरू झाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत दाखवायचे असतात. भाचीने ते घरीच ठेवले, मग रात्रीतून पोचणाऱ्या कुरियरने मागवले, आई तिकडे रडकुंडीला आलेली. हे कागद, इन्शुरन्सचं कार्ड, चष्म्याचा नंबर, रोजची औषधं हे सगळं हातातल्या पिशवीत. औषधं बॉक्समध्ये घालून पाठवायचीच नाहीत, घरच्या माणसाने प्रिस्क्रिप्शनची औषधं पोस्टाने पाठवणं कायद्यात बसत नाही. पॉवर बँक पण हातात, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.

बॉथेलची_आई

काल रात्री बसून सगळं परत काढलं आणि परत भरलं. लेक पण बसली शेवटी, इतके दिवस "आई तू बघ" चाललं होतं. हाउसिंगची ईमेल तिच्या इनबॉक्समध्ये तीन आठवडे न उघडता पडली होती, पार्सल घ्यायची तारीख आम्ही पाठवणार होतो त्याच्या नंतरची निघाली. नवऱ्याने काही न बोलता लेबलं फाडून टाकली.

तर ठरलेलं असं. सहा बॅगा विमानात. गोधडी तिच्या खांद्यावरच्या बॅगेत, दोनदा घडी घालून बघितली, बसते. कम्फर्टर, उशा, पंखा, चादरी शॅम्पेनच्या टार्गेटमधून. थंडीचं सगळं इथेच, ऑक्टोबरात पाठवीन. रूममेटशी बोलणं झालं, फ्रीज ती आणतेय, मायक्रोवेव्ह पण. कुकर कपाटात परत गेला. उरला एकच बॉक्स, पुस्तकं आणि तिची टेबलवरची छोटी चित्रं, फ्रेम वगैरे, तो तारीख धरून पाठवला तर ती गेल्यावर दोन दिवसांनी पोचतो, पण त्यात काच आहे आणि त्या गर्दीत मेलरूममध्ये ठेवायचा माझा जीव होत नाहीये. तिथे शिकागोच्या बाजूला आमचं कुणीच नाही.

नेपरव्हिलकर

ताई, आमच्याकडे पाठवा की. घर नेपरव्हिलला आहे, ओहेअरहून शॅम्पेनला जाताना थोडी वाट वाकडी करावी लागेल, पण इथून पुढे सव्वादोन तासांत पोचाल. आम्ही दोघंच असतो आता, गॅरेजमध्ये जागाच जागा आहे, या महिन्यात आधीच आणखी दोघांचे बॉक्स येणार आहेत, इथल्या महाराष्ट्र मंडळात हे दर ऑगस्टला चालतंच. पत्ता खाजगी मेसेजमध्ये देतो, इथे टाकत नाही.

जेवूनच पुढे जा, मूव्ह-इनच्या आदल्या दिवशी कुणाच्याच पोटात नीट काही गेलेलं नसतं. धाकट्याला काय आवडतं ते पण कळवा. बॉक्सवर माझं नाव वर आणि लेकीचं नाव खाली लिहा म्हणजे कुणाचा ते लक्षात राहील, आणि जमलं तर गुरुवारी पोचणार नाही असं बघा, गुरुवारी आमची कचऱ्याची गाडी येते आणि गेल्या वर्षी दारातला एक रिकामा दिसणारा बॉक्स ते घेऊन गेले होते.

बॉथेलची_आई

सोमवारी टाकते म्हणजे शुक्रवार-शनिवारपर्यंत पोचेल, ट्रॅकिंग नंबर पाठवीन. धाकटा साधा वरणभात खातो, दुसरं काही करू नका हं वहिनींना सांगा. मेसेज केलाय.